मुक्या जिवांचे काय?

सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून सोडलेल्या पाण्याने कऱ्हेला पूर आला आणि बारामतीतील नदीकाठच्या रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. मे २०२५ मध्ये अतिवृष्टीने नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला, काटेवाडीत घरांत पाणी शिरले; बारामती व इंदापूर येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके धाडावी लागली.

माणसांसाठी ही सिद्धता झाली. दावणीची गाय आणि दारचे कुत्रे यांचा विचार कोणी करावयाचा? दुष्काळात चारा छावण्या उघडण्याचा शासनास दीर्घ अनुभव आहे. पुरातल्या निवाऱ्याची तशी परंपरा नाही. हा प्रश्न केवळ भूतदयेचा नव्हे. जनावर मागे टाकून निघावयास माणसाचे पाऊल उचलत नाही आणि त्या विलंबात त्याचाच जीव धोक्यात येतो. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात हेच दिसले. म्हणून २००६ मध्ये आपत्कालीन योजनांत पाळीव प्राण्यांची तरतूद करावयास लावणारा कायदा तेथे झाला.

नगरपरिषदा व पंचायत समित्या यांनी पावसाळ्यापूर्वीच उंचावरील जागा मुक्रर कराव्यात, असे आम्हांस वाटते. परंतु सारा भार शासनावर टाकून नागरिकांस मोकळे होता येणार नाही. गळपट्टा, दोरी, काही दिवसांचे खाद्य, रेबीजची लस टोचल्याचा दाखला, मांजरासाठी झाकणाची टोपली, एवढे तयार ठेवण्यास खर्च तो कितीसा? निदान पाणी चढू लागताच दावे तरी सोडावे. ज्यास आपण बांधले, त्याच्या सुटकेची जबाबदारीही आपलीच आहे.