लिहिलेला चौक आणि न लिहिली गेलेली भाषा

नष्टप्राय होत चाललेल्या आदिवासी भाषांचे जतन कलेच्या द्वारे होऊ शकते, हे विधान अलीकडे जवळजवळ गृहीतकासारखे मांडले जाते. वारली चित्रकलेचा दाखला त्यासाठी हटकून दिला जातो. परंतु हाच दाखला बारकाईने तपासला असता त्या गृहीतकाच्या मर्यादाही स्पष्ट होतात.

वारली समाजात लग्नाचा चौक 'काढला' जात नाही, तो 'लिहिला' जातो. गेरूने सारवलेल्या कुडावर सवाष्णी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी गीतांतून लग्नविधी पार पाडते. रेषा आणि शब्द ही येथे एकाच विधीची दोन अंगे आहेत. गीताशिवाय चौक अपुरा राहतो. कणसरीची कथाही अशीच भगताच्या मुखातून, घांगळीच्या साथीने, पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. चित्र हे या मौखिक परंपरेचे दृश्य रूप होय. तिचा पर्याय नव्हे.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे हे चित्र भिंतीवरून कागदावर आले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी त्याला स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली. या स्थित्यंतराने अनेक कुटुंबांना उपजीविका दिली आणि समाजाला आत्मभान दिले. त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल.

मात्र या प्रवासात चित्र एकटेच पुढे गेले. विधीतील चित्र स्त्रियांचे होते, कागदावरील चित्रांत पुरुषांचा हात प्रामुख्याने दिसू लागला. आणि स्त्रियांच्या कंठातील गीत मागे राहिले. तारप्याभोवतीचा नाच आज साडीच्या काठावर, चहाच्या कपावर सर्वत्र दिसतो. तो पाहणाऱ्याला वारलीतील एकही शब्द ठाऊक असावा लागत नाही. चित्राला भाषांतर लागत नाही, हे त्याचे सामर्थ्य. पण नेमक्या त्याच कारणाने ते भाषेला आपल्याबरोबर नेत नाही. शब्दाविना उरलेले चित्र हळूहळू नक्षी होते.

भाषेच्या वाट्याला आलेली उपेक्षा तिच्या वर्गीकरणातही दिसते. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात वारली मराठीच्या खंडात येते, तर २०११ च्या जनगणनेत ती भिलीच्या गटात समाविष्ट होते. वारली ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद भाषावैज्ञानिकांनी अवश्य करावा. परंतु ती बोली आहे असे मानणाऱ्या मराठी विभागांची जबाबदारी त्यामुळे संपत नाही, उलट वाढते. जी आपली म्हणायची, तिचा साधा शब्दसंग्रहही आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या परिचयाचा नसावा, ही विसंगती होय.

या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. कविता महाजन यांचे 'वारली लोकगीते' हे संकलन आणि २०१३ साली अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली आलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड ही महत्त्वाची पावले आहेत. तथापि धवलेरीचे गीत प्रमाण मराठीच्या वळणाने उतरवून घेतले की त्याचा आशय हाती लागतो, उच्चार आणि लय मात्र निसटतात. म्हणून संहितेबरोबर ध्वनिमुद्रण हवे, आणि तेही गाणारीच्या संमतीने, तिच्या नावानिशी हवे. प्रदर्शनातील चित्राखाली त्याची कथा चित्रकाराच्या भाषेत, देवनागरीत, दिली जावी. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या परिसरातून महाविद्यालयात येणारा वारली विद्यार्थी हा केवळ माहिती पुरवणारा 'निवेदक' न राहता संशोधक व्हावा. घरी वारली बोलणाऱ्या त्या विद्यार्थ्याला वर्गात आपल्या भाषेचा संकोच वाटत असेल, तर त्याच वर्गाच्या भिंतीवर रंगवलेला तारपानाच जतनाची साक्ष ठरू शकत नाही.

कला भाषेकडे जाण्याचे दार उघडते, यात शंका नाही. परंतु दाराचीच पूजा करून उंबरठ्यावर थांबणाऱ्याला घरातील बोलणे ऐकू येत नाही. चौक आजही लिहिला जातो; तो लिहिताना गायिले जाणारे गीत समजणारे कान उरावेत, यासाठीची खटपट चित्रकारावर सोपवून मराठीच्या अभ्यासकांना मोकळे होता येणार नाही.