शिबिरातले टोचणीचे पेन आवरा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, सातारा



मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. माणदेश लोटतो, सांगली-सोलापूरकडचे भाविकही येतात. अशा यात्रांत आरोग्य शिबिरांचे मंडप पडतात आणि मोफत शुगर तपासणीला रांग लागते. शिबिरे जरूर भरावीत. मधुमेह वेळीच कळला तर डोळे वाचतात, पाय वाचतात. माझे म्हणणे आहे ते टेबलावरच्या पेनाबद्दल.

बोटाला टोचायचे हे स्प्रिंगचे पेन एकट्या माणसाने घरी वापरायचे असते. शिबिरात तेच सगळ्या रांगेच्या बोटांवरून फिरते. सुई बदलली की लोकांना वाटते, झाले. पण पेनाचे टोपण बोटावर दाबून धरावे लागते आणि सुई त्याच्याच भोकातून आत-बाहेर करते. त्या कडेला लागलेले रक्त नजरेला दिसेलच असे नाही. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरतो, आणि पुढचे बोट तर लगेच त्याच टोपणाखाली येते. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत अशाच पेनांमुळे ही कावीळ पसरली. असे पेन दुसऱ्या माणसाला वापरूच नका, असे तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने २०१० मध्ये बजावले. लांब कशाला, २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात याच काविळीने माणसे दगावली, तेव्हा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचे उघड झाले होते.

टोचून झालेल्या सुया कुठे जातात, हेही पाहावे. पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकल्या, तर मंडप उतरवणाऱ्या पोराच्या किंवा पहाटे झाडायला येणाऱ्या बाईच्या हातात त्या घुसतात. या दोघांना काविळीची लस कोण देणार? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आरोग्य शिबिरेही येतात, आणि सुयांसाठी न भोसकला जाणारा पांढरा डबा सक्तीचा आहे.

म्हणून शिबिरांना स्पष्ट अटी घाला: पेन बंद, टोचल्यावर सुई आपोआप आत जाऊन निकामी होणारे, एकदाच वापरायचे लॅन्सेट, प्रत्येक माणसामागे नवे हातमोजे, शुगरचे मीटर दर वेळी जंतुनाशकाने पुसणे, आणि पांढरा डबा टोचणाऱ्याच्या हाताशी. रथाच्या दिवशी आपला एक आरोग्यसेवक मंडपांतून फिरवा.

यात्रेआधी असे पत्रक काढावे, ही कळकळीची विनंती. आणि रांगेतल्या मंडळींनो, लॅन्सेट तुमच्यासमोर नवे उघडले नाही, तर बोट पुढे करू नका.

आपला,
एक म्हसवडकर