व्हिएतनामचा इतिहास आणि आपले वाचन

शिवजयंतीच्या सुमारास एक संदेश मोबाईलवर हमखास येतो. व्हिएतनामने बलाढ्य अमेरिकेला नमविले ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून, आणि तेथील मंत्री भारतात आल्यावर रायगडाची माती कपाळी लावून सोबत घेऊन गेले, असा मजकूर त्यात असतो. हीच कथा उत्तर भारतात महाराणा प्रतापांच्या नावाने फिरते. भाषण कोणत्या दिवशी झाले, ते कोठे छापले आहे, याचा पत्ता दोन्हीकडे नसतो. शिवरायांच्या थोरवीला अशा उसन्या आधाराची गरज नाही. परंतु या कथेत दुसराही एक अन्याय दडलेला आहे. ज्या देशाने १२८८ साली बाख डांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवून मंगोल आरमाराचा धुव्वा उडविला, त्याला युद्धनीती बाहेरून शिकावी लागली, असे आपण नकळत म्हणून जातो. ज्यांचा इतिहास शतकानुशतके इतरांनी लिहिला, त्या आपण तरी दुसऱ्याचा इतिहास असा ऐकीव गोष्टींवर उभा करू नये.

व्हिएतनाम आपल्याला परका नाही. १९५० साली कोलंबो येथे जागतिक बौद्ध परिषद भरली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे उपस्थित होते आणि व्हिएतनामचे प्रतिनिधी म्हणून भिक्खू थिच तो लिएन हेही आले होते. १९५९ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी भेट दिलेला बोधिवृक्ष हनोईच्या त्रान क्वोक विहारात आजही उभा आहे. मंगोलांना परतवून लावणारा राजा त्रान न्हान तोंग याने पुढे सिंहासन सोडून चीवर धारण केले आणि त्रुक लाम हा व्हिएतनामचा स्वतःचा ध्यानसंप्रदाय स्थापिला. हे नाव आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

ठाऊक नसण्याला पूर्वी कारण होते. इस्लापूर किंवा किनवटच्या विद्यार्थ्याला असा ग्रंथ पाहायचा तर मुंबई-पुणे गाठावे लागे. आज ती सबब उरलेली नाही. रमेशचंद्र मजुमदार यांचा चंपा राज्यावरील १९२७ चा ग्रंथ इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतो. हनोईत दीर्घकाळ कार्य केलेल्या फ्रेंच प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकाचे १९०१ पासूनचे जुने अंक ‘पेर्से’ या फ्रेंच संकेतस्थळावर खुले आहेत. चंपाच्या शिलालेखांचा संग्रह न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. अमेरिकेशी झालेल्या युद्धाची कागदपत्रे टेक्सास टेक विद्यापीठाने मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिली आहेत. आणि चिनी अक्षरांच्या धर्तीवर व्हिएतनामी लोकांनी घडविलेल्या ‘नोम’ लिपीतील जुने ग्रंथ हनोईच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून छायाचित्ररूपाने जगापुढे आले आहेत.

साधन हाती आले म्हणजे ज्ञान हाती आले, असे मात्र नाही. मजुमदारांच्या ग्रंथमालेचे नावच अतिपूर्वेतील प्राचीन भारतीय ‘वसाहती’ असे आहे. तो शब्द लेखकाच्या काळाची दृष्टी सांगतो. फ्रेंच विद्वानांनी शिलालेख कष्टाने वाचले, पण ते राज्यकर्त्यांच्या देशाचे होते. अमेरिकन कागदपत्रांत सैन्याची नजर आहे. म्हणून प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांचा आवाज यात कोठे आहे?

एक उदाहरण घेऊ. २०२० साली मी सोन येथील मंदिरसमूहात भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संवर्धनकार्यात अखंड पाषाणाचे शिवलिंग सापडले. ती बातमी आपल्याकडे सर्वत्र झळकली आणि ती खरीही होती. परंतु तेथून जवळच डोंग डुओंग येथे चंपाचा राजा दुसरा इंद्रवर्मन याने ८७५ मध्ये लोकेश्वराच्या नावे मोठा बौद्ध विहार उभारला होता. त्याचा संस्कृत शिलालेख उपलब्ध आहे. बुद्धचरित्र कोरलेले तेथील वेदीशिल्प दा नांगच्या संग्रहालयात आहे. विहार मात्र युद्धात जवळजवळ नष्ट झाला. बातमीने एक खूण दाखविली. दुसरी खूण शिलालेखापर्यंत जाणाऱ्यालाच दिसते. शैव आणि बौद्ध दोन्ही परंपरा तेथे नांदल्या, हा पूर्ण इतिहास आहे. त्यातील अर्धाच उचलणे आपल्यालाही शोभणार नाही.

खरी अडचण भाषेची आहे. वर सांगितलेले साहित्य इंग्रजी, फ्रेंच, संस्कृत, चाम अथवा व्हिएतनामी भाषेत आहे. मराठीत फारच थोडे आले आहे. आठवीतील मुलगी इंटरनेट उघडते, तेव्हा तिला समजेल अशा भाषेत प्रथम भेटतो तो शिवजयंतीचा संदेशच. ही पोकळी अफवा भरून काढते, आणि त्याचा दोष मुलांवर टाकता येत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. शाळेला पंखे, भांडी, पुतळा देणाऱ्यांचे ऋण मोठेच आहे. पण आपल्यापैकी जे आज इंग्रजी सहज वाचतात, त्यांनी वर्षाकाठी एक शिलालेख, एखाद्या प्रकरणाची दहा पाने मराठीत आणून शाळेच्या ग्रंथालयाला द्यावीत. खाली मूळ साधनाचे नाव व पत्ता स्वच्छ लिहावा. पालकांनी मोबाईल सरसकट काढून घेण्याऐवजी, ‘हे तुला कोठे मिळाले?’ एवढे विचारावे. शाळेनेही आठवड्यातील एक तास अशा शोधासाठी राखून ठेवावा.

बाबासाहेबांनी प्रत्येक विधान पुराव्यावर तोलले आणि ग्रंथांसाठी राजगृह बांधले. त्या वारशाचा अर्थ ग्रंथ जवळ असणे एवढाच नव्हे, तर मूळ साधनापर्यंत जाण्याची सवय असणे हा आहे. वसतिगृहातील एखादा विद्यार्थी डोंग डुओंगचा शिलालेख मराठीत वाचून त्यावर प्रश्न विचारील, त्या दिवशी शाळेने त्याला इतिहास शिकविला, असे म्हणता येईल.