नाव पटावर, मूल वाटेवर

महाराज बाड्यावरच्या गोरखीजवळून जाताना ग्वाल्हेरकराला थोडा अभिमान वाटतोच. येथल्या शाळेत शिकलेला एका शिक्षकाचा मुलगा पुढे देशाचा पंतप्रधान झाला. परंतु अटलबिहारी वाजपेयींचे आजोबा बटेश्वर सोडून या मुलखात आले होते, हे आपण सहसा आठवत नाही. आणि आपण मराठी मंडळी तरी मूळची येथली कोठे? १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली आणि त्या छावणीचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. परगावाहून आलेल्यांच्या मुलांना शाळेने सामावून घेणे ही या शहराला नवी गोष्ट नव्हे.

फरक एवढाच की, ती माणसे आली ती राहिली. आजचा मजूर येतो आणि जातो. बीडकडचा ऊसतोड कामगार पाहा. मुकादमाची उचल घेतलेले नवराबायकोचे जोडपे, ज्याला तेथे एक ‘कोयता’ म्हणतात, दिवाळीच्या सुमारास घर सोडते ते उन्हाळ्यातच परतते. जूनमध्ये शाळेत बसलेले मूल अर्ध्या वर्षात फडावर जाते; थोरली मुलगी कोपीपाशी धाकट्याला सांभाळीत बसते. आपल्या शेजारच्या श्योपूर-शिवपुरीकडील सहरिया कुटुंबांनाही मजुरीसाठी असेच घर सोडावे लागते.

कायद्यात उणे फारसे नाही. शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्थान देणारी घटनादुरुस्ती २००२ साली, वाजपेयींच्याच कारकिर्दीत झाली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या कायद्याने वयानुरूप वर्ग, मागे पडलेल्यांना विशेष प्रशिक्षण आणि दुसऱ्या शाळेत बदलून जाण्याचा हक्क दिला. जन्मदाखला नाही म्हणून मुलाला परत पाठविता येत नाही. तथापि शाळेची सारी व्यवस्था अजून एका जागी राहणाऱ्या कुटुंबासाठीच आखलेली आहे. नाव पटावर राहते आणि मूल वाटेवर.

महाराष्ट्राने यावर निरनिराळे उपाय करून पाहिले. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा भरल्या. पुढे मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली, आणि बाहेर जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आले. आमच्या मते क्रम असा असावा: घरी आजी-आजोबा असतील तर मूल गावीच ठेवावे व त्याच्या जेवणाची सोय करावी; नसतील तर कामाच्या जागेजवळच्या नेहमीच्या शाळेने त्याला वर्गात घ्यावे. झोपडीतली शाळा ही पायरी ठीक, मुक्काम नव्हे. तेथेच वर्षे गेली तर मजुराच्या मुलासाठी वेगळी, हलकी शाळा आपण कायमची मान्य केली, असे होईल.

म्हणून जूनमध्ये प्रवेश किती झाले, एवढेच विचारून भागणार नाही. होळीच्या सुमारास त्यांपैकी किती मुले वर्गात आहेत, आणि जी नाहीत ती कोणत्या गावी कोणत्या वर्गात बसली आहेत, याचे उत्तर मुख्याध्यापकांपाशी हवे. आपल्या वाडवडिलांना या शहराने ठाव दिला. आज पाल ठोकून राहणाऱ्याच्या मुलाला निदान बाकावर जागा देणे, हे आपले देणे आहे.