चेक कम्प्लीट, म्हणजे नक्की काय?

व्हीएआरच्या नावाने बोटं मोडणारे म्हणतात, मशीनने फुटबॉलची वाट लावली. पण मशीनचा बिचाऱ्याचा काय दोष?

३० सप्टेंबर २०२३ ची टॉटनहॅम-लिव्हरपूल मॅच घ्या. मैदानावर लुईस दियाझचा गोल ऑफसाइड दिला गेला. रिप्लेमध्ये तो ऑनसाइड दिसला. पण व्हीएआरवाल्या पंचाला वाटलं, मैदानावर गोलच दिलाय! तो म्हणाला, "चेक कम्प्लीट". झालं. खेळ सुरू, गोल गायब, आणि नियम म्हणतो आता मागे जाता येत नाही. लिव्हरपूल २-१ ने हरलं.

आमच्या धंद्यात याला सरळ बग म्हणतात. निकालच न सांगणारा मेसेज पाठवायचा, आणि समोरच्याने तो बरोबर समजून घ्यायचा!

हे संभाषण लोकांनी ऐकलं ते तीन दिवसांनी. क्रिकेटमध्ये थर्ड अंपायर काय बोलतोय ते आपण घरबसल्या ऐकतो. मग फुटबॉललाच कसली लाज?

२०२४ मध्ये प्रीमियर लीगच्या २० पैकी १९ क्लबांनी व्हीएआरच्या बाजूने मत दिलं. ठेवा की! पण पैसे मोजून आलेला प्रेक्षक गोल झाल्यावर ओरडू की थांबू अशा अवस्थेत उभा असतो. नुसता निकाल नको, तो कसा ठरतोय तेही त्याला ऐकू द्या. माइक चालू ठेवा राव!