भरिताला चव नाही, दोष कुणाचा?

हिवाळा लागला की जळगाव-धुळ्याकडे भरिताचे बेत सुरू होतात. तुराट्या-पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जातात आणि धुराचा वास गल्लीभर जातो. अशाच एखाद्या पंगतीत घरचे नाना दोन घास खाऊन ताट सरकवतात. "पहिल्यासारखं भरीत होत नाही आता." सुनेचा चेहरा उतरतो. "नानांचं वय झालं, नखरे वाढलेत," असं कुणीतरी हळूच म्हणतं. पण "नाना, तुम्हाला धुराचा वास आला का?" हे कुणीच विचारत नाही. नानांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स असेल, तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

एक प्रयोग करा. नाक चिमटीत धरून चार जिरे चावा, मग नाक सोडा. जिऱ्याची 'चव' नाक सोडल्यावर येते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. तिखट ही तर झोंबण्याची जाणीव आहे. भरितातला धूर, लसूण, कांद्याची पात हे सगळं घशामागून नाकाला कळतं. नाकाने काम सोडलं की उरतं मीठ आणि मिरची. म्हणून तर नाना आणखी मीठ मागतात, ठेचा मागतात.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला. त्यात कंप आहे, वाकलेली चाल आहे, बद्धकोष्ठताही आहे. वासाकडे वैद्यकाचं लक्ष गेलं ते थेट १९७० च्या दशकात. पुढे २००३ मध्ये जर्मन संशोधक हायको ब्राक यांनी मांडलं की या आजाराचे मेंदूतले बदल बऱ्याचदा वासाच्या केंद्रापासून आणि मेंदूच्या देठापासून सुरू होतात. नीट तपासलं तर बहुसंख्य रुग्णांत वास कमी झालेला सापडतो, अनेकांत हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी. गंमत म्हणजे पुष्कळांना स्वतःला त्याचा पत्ताच नसतो. आम्ही डॉक्टरही हात बघतो, चाल बघतो आणि नाकाबद्दल विचारत नाही. माझ्या मते ही आमची चूक आहे.

लगेच घाबरू नका. वास जाण्याची कारणं ढीगभर आहेत: सर्दी, सायनस, कोविड, तंबाखू, वाढतं वय. पण त्याच्या जोडीला झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, जुनी बद्धकोष्ठता, बारीक होत गेलेलं अक्षर किंवा चालताना एक हात न हलणं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

अमेरिकेत तयार झालेल्या एका प्रसिद्ध वास-चाचणीत पिझ्झाचा वास ओळखायचा असतो. आपल्या नानांना तो नाक ठणठणीत असतानाही ओळखता आला नसता! घरी अंदाज घ्यायचा तर डोळे मिटून हिंग, लसूण, लवंग द्या. बाम मात्र नको. त्याची झोंब वेगळ्या नसेला कळते, त्यामुळे नाक चांगलं आहे असं उगाच वाटतं. आणि यावरून निदान होत नाही, हेही लक्षात ठेवा.

लेवोडोपाच्या गोळीने हालचाल सुधारते, वास सहसा परत येत नाही. म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या वाढवू नका. जेवण गरम वाढा. लिंबू पिळा, दाण्याची चटणी द्या. गिळायला त्रास नसेल तर कळण्याच्या भाकरीसोबत भाजलेला बिबड्याचा तुकडा चालेल. वरून मीठ किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि दर महिन्याला वजन करा, कारण चव गेलेला माणूस तक्रार न करता कमी जेवू लागतो.

चवीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. नानांना तो येणार नाही. रात्रीची आंबलेली भाजी, कपाशीवर नुकतंच फवारलेलं औषध, यांचाही त्यांना वास येणार नाही. घरात ते एकटे असतील तर रेग्युलेटर बंद करून जा, उरलेलं अन्न फ्रिजमध्ये ठेवा, फवारणी झालेल्या शेतात त्यांना पाठवू नका. आणि पुढच्या तपासणीला सुनेलाही सोबत आणा. नाना किती जेवतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं.