मागच्या सीटवरचं अंदमान

दहावीची परीक्षा संपली की मराठी मध्यमवर्गीय घरात दोन विषय निघतात, अकरावीचा प्रवेश आणि सहल. नववीत ‘पुढच्या वर्षी दहावी’ म्हणून आणि दहावीत ‘यंदा दहावी’ म्हणून राहून गेलेलं सगळं भटकणं एकाच सुट्टीत वसूल करायचं असतं. या यादीत अंदमान बरंच वर असतं. समुद्र आहे, सेल्युलर जेल आहे, पासपोर्ट लागत नाही, आजी-आजोबांनाही झेपतं. पैसे भरले जातात, चिवड्याचे आणि लाडवांचे डबे बॅगेत बसतात. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर (२०२४ पासून या शहराचं अधिकृत नाव श्रीविजयपुरम आहे) बसच्या शेवटच्या सीटवर पंधरा वर्षांचे चिरंजीव कानात इअरफोन खुपसून, टोपी डोळ्यांवर ओढून आडवे होतात. ‘एवढा खर्च करून आणलंय, जरा बाहेर बघ!’ हे वाक्य पहिल्या तासाभरात बसमधल्या कुठल्या तरी सीटवरून ऐकू येतंच.

त्या मुलाची बाजू सहसा कुणी मांडत नाही.

आधी त्याची झोप घेऊ. पोर्ट ब्लेअर मुंबईपासून सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहे. दर रेखांशाला चार मिनिटं धरली, तर तिथला सूर्य मुंबईच्या ऐंशी मिनिटं पुढे धावतो, घड्याळ मात्र तेच. मे महिन्यात पाचच्या सुमारास उजाडतं आणि डिसेंबरात साडेपाचच्या आत अंधार पडतो. साहजिकच सहलीचा दिवस पहाटे सुरू होतो: पाचला वेक-अप कॉल, सहाला नाश्ता, साडेसहाला गाडी. आजोबांना यात काहीच वावगं वाटत नाही, ते तसेही साडेचारला उठून बसलेले असतात. पौगंडावस्थेत मात्र झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं आणि सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं याच कारणासाठी २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. आपल्याकडे २०२४ मध्ये सरकारनं सकाळच्या शाळांची वेळ नऊवर नेली, पण फक्त चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्यांना त्या तासाभराची खरी निकड आहे, ती मोठी मुलं तिथेही वगळली गेली. तेव्हा बसमध्ये घोरणारा मुलगा उद्धट असेलच असं नाही, त्याच्या शरीरात अजून रात्र सुरू असते.

दुसरी अडचण कार्यक्रमाची. रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, हॅवलॉक, नील, चिडिया टापू, मध्ये एक म्युझियम, शेवटी खरेदी. यात बघण्यासारखं पुष्कळ आहे आणि करण्यासारखं जवळपास काहीच नाही. गाडीतून उतरा, फोटो काढा, नारळपाणी प्या, गाडीत बसा. पन्नाशीच्या माणसाला एवढ्यानं समाधान होतं, कारण वर्षभर दमल्यावर त्याला हेच हवं असतं. पंधराव्या वर्षी माणूस दमलेला नसतो. त्याला काहीतरी जमवून दाखवायचं असतं, आणि शक्यतो आई-बाबांच्या सूचनांविना.

त्यावर स्कूबा डायव्हिंगइतकं चोख औषध नाही. पाण्याखाली आईला बोलता येत नाही, हा त्यातला मोठाच गुण. हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, किनाऱ्यावर अनेक डाइव्ह सेंटर आहेत. बहुतेक सहलींत मिळते ती एकदाची चाखून बघायची डुबकी. प्रशिक्षक पाठीमागून टाकी धरून पाण्यात फिरवतो, एक व्हिडिओ मिळतो आणि प्रकरण संपतं. हे दहा वर्षांपुढच्या कुणालाही करता येतं. पण मुलगा किंवा मुलगी पंधरा पूर्ण असेल, तर तीन-चार दिवसांचा ‘ओपन वॉटर’ कोर्स करून मोठ्यांसारखंच कार्ड मिळवता येतं आणि जोडीदारासह १८ मीटरपर्यंत जाता येतं. दहा ते चौदा वयाच्या मुलांना त्याचंच ज्युनिअर कार्ड मिळतं, पण त्यांच्याबरोबर मोठं माणूस लागतं.

या कोर्सचा पहिला दिवस बघण्यासारखा असतो. कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यांवर बसायचं, मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि नाकानं जोरात श्वास सोडून ते बाहेर काढायचं. पहिल्या वेळी नाकातोंडात खारं पाणी जातं, डोळे चुरचुरतात, वर उसळी मारावीशी वाटते. प्रशिक्षक शांतपणे पुन्हा करायला लावतो. मग कान: खाली जाताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे दाब सारखा होतो. दुखलं तर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं. मग खुणा. दिवसभर मोबाइलवर अंगठे पाठवणाऱ्या मुलाला इथे कळतं की वर केलेला अंगठा म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. यातली एकही गोष्ट कुणी त्याच्यासाठी करू शकत नाही. मास्क त्याचा, श्वास त्याचा आणि जोडीदाराच्या टाकीत किती हवा उरली हे विचारण्याची जबाबदारीही त्याची.

तयारी मात्र घरूनच हवी. कोर्ससाठी न थांबता दोनशे मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. म्हणजे जानेवारीपासून जवळच्या तरणतलावावर जाणं आलं. दमा, कानाची दुखणी असली तर डॉक्टरांची परवानगी आली. डायव्हिंगनंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नसतं, त्यामुळे परतीच्या तिकिटापासून उलटी आखणी करावी लागते. हा हिशेब बाबांनी करू नये. फेरीची वेळ, डुबकीचा दिवस, विमानाचा तास हे सगळं मुलाकडे सोपवावं. चुकलं तर कसं निस्तरायचं ते तोच शोधेल. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि नौदलाला त्यांना बाहेर काढावं लागलं. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोहोचतो. बेटावर वेळापत्रक समुद्र ठरवतो, आणि हातात दुसरा पर्याय ठेवायला शिकण्यासाठी पंधरावं वर्ष चांगलं.

इथपर्यंत सैल सोडलेली दोरी एका जागी मात्र आवळायलाच हवी. पाण्याच्या नियमांवर या वयाच्या मुलाशी घासाघीस करायची नाही. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकच्या प्रसिद्ध राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकी तरुणीचा मगरीनं बळी घेतला. आज पोहण्याच्या काही जागा जाळ्यांनी बंदिस्त केल्या आहेत, त्यांच्या बाहेर जायचं नाही म्हणजे नाही. आपला किनाराही काही मवाळ नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचे जीव गेले. मित्र बघत असताना या वयात धोक्याचा अंदाज बिघडतो, हे मानसशास्त्र पुन्हापुन्हा सांगतं. तेव्हा लाइफ जॅकेट, प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र, बोटीवरची माणसं मोजणं याबाबत आई-बाबांनी खुशाल खडूस व्हावं.

धोक्याच्या बाबतीत मुलांचं ऐकावं लागतं, हेही याच समुद्रानं दाखवलं आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडच्या फुकेत बेटावर सुट्टीला आलेल्या टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीला किनाऱ्यावरचं पाणी विचित्र फेसाळताना दिसलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ती त्सुनामीची लक्षणं शिकली होती. आईला आधी पटेना. मुलीनं हट्ट सोडला नाही, वडिलांनी सुरक्षारक्षकाला सांगितलं आणि किनारा लाटेच्या आधी रिकामा झाला. त्याच सकाळी अंदमान-निकोबारमध्ये हजारो माणसं गेली आणि देशाचं दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचला.

आता सेल्युलर जेल. मराठी माणूस अंदमानला जाऊन ते चुकवत नाही, चुकवूही नये. पण तिथे मुलाच्या कानावर काय पडतं? ‘बघ, त्यांनी एवढं सोसलं आणि तुला एसीशिवाय झोप येत नाही.’ झालं, मुलगा पुन्हा इअरफोनमध्ये. त्याऐवजी त्याला कोठडीत एकट्याला पाच मिनिटं उभं राहू द्यावं. साधारण साडेतेरा फूट बाय साडेसात फूट जागा, वर हात न पोहोचणारा झरोका. बाहेरची कडी दारापासून लांब भिंतीच्या खोबणीत अशी बसवलेली, की गजांतून हात काढला तरी पोहोचू नये. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात इमारतींची रचना अशी, की एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत हे बांधलं गेलं, आज त्यातल्या तीनच इमारती उभ्या आहेत. एकटेपणा हीच शिक्षा म्हणून विटांत कसा बांधतात, हे भूमितीत रस असलेल्या मुलाला भाषणाशिवाय कळतं.

तो सावरकरांविषयी विचारेल. १९११ ते १९२१ ही दहा वर्षं ते इथे होते, थोरले बंधू बाबाराव इथेच होते आणि कोलू फिरवून रोज तीस पौंड तेल काढण्याची सक्ती होती, हे त्याला सांगितलं जातं. त्यानं मात्र मोबाइलवर दयाअर्जांचा वादही वाचलेला असतो. ‘गप्प बस, इथे असलं बोलू नये’ असं म्हणून तो विषय संपत नाही. अर्ज नोंदींत आहेत, त्यामागच्या हेतूवर अभ्यासकांत मतभेद आहेत, ‘माझी जन्मठेप’ घरात कपाटात आहे. वाच आणि मग वाद घाल, एवढं म्हणण्याची तयारी पालकांची हवी. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये याच जेलमध्ये स्वतःला संपवलं, १९३३ च्या उपोषणात तीन कैदी मेले, ही नावंही त्याला भेटू द्यावीत. लाइट अँड साउंड शोमध्ये सगळंच मावत नाही.

बाराटांग मात्र यादीतून काढून टाकावं. चुनखडीच्या गुहा चांगल्या आहेत, पण तिथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचे ताफे पोलिसांसोबत सुटतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. तरीही बसमधल्या निम्म्या माना खिडकीबाहेर कुणी ‘दिसतं’ का हे शोधत असतात. २०१२ मध्ये पर्यटकांसाठी जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गाजला होता. आणि मार्च २०२५ मध्ये एक अमेरिकी यूट्यूबर प्रवेशबंदी असलेल्या नॉर्थ सेंटिनल या आदिवासी बेटावर थेट उतरला, किनाऱ्यावर डाएट कोकचा कॅन आणि नारळ ठेवून परतला आणि पकडला गेला. पंधरा वर्षांच्या मुलाला ही बातमी आपल्यापेक्षा जास्त समजते, कारण व्ह्यूजसाठी माणसं काय करतात हे त्याच्या फोनमध्ये रोज दिसतं. रात्री जेवताना या विषयावर त्याला बोलतं करून बघावं.

फोनवरून होणारी भांडणं फारशी न वाढवलेली बरी. २०२० मध्ये चेन्नईहून सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची केबल समुद्राखालून अंदमानला पोहोचली, तेव्हापासून ‘तिथे नेटच नसतं’ ही सोय राहिलेली नाही. ज्या दिवशी पाण्यात उतरायचं, त्या दिवशी फोन आपोआप लॉकरमध्ये जातो. बाकी वेळ नाटकं चालायचीच.

विमानाचा खर्च परवडत नसेल, तर तारकर्ली आहे. पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तिथेच आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे ते मालवणच्या जेटीवरून समोरच दिसतं. तीन दिवस तिथे राहून पोर एक गोष्ट धड शिकलं, तरी सुट्टी कामी आली.

आणि सहली काढणाऱ्यांकडे एक मागणी. महिलांच्या सहली आहेत, ज्येष्ठांच्या आहेत, नवविवाहितांच्या आहेत. तेरा ते सतरा वर्षांची मुलं बरोबर आहेत हे धरून आखलेली सहल मात्र शोधावी लागते. ती आखणं काही अवघड नाही: नऊला निघणं, रोज एकच ठिकाण, हॅवलॉकला चार रात्री, सेल्युलर जेलला पूर्ण एक दुपार आणि बाराटांगचे वाचलेले पैसे डाइव्ह सेंटरला. आजी-आजोबांना तेवढ्यात राधानगरच्या वाळूवर निवांत बसता येईल, त्यांची पहाटेच्या गाडीबद्दल फारशी तक्रार नसली तरी.